गाभाऱ्यातली शिदोरी

मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांच्या हातून सगळ्यात जास्त चुका होतात त्या तारखेच्या. बॅटरी काढली की काही फोन सगळं विसरतात. रेंज असेल तर बिचारे स्वतःच वेळ विचारून घेतात, नसेल तर आपण लावायची. मी एकवीस वर्षं तालुक्याच्या बाजारात हा धंदा करते आहे. ‘बाईमाणूस काय मोबाइल उघडणार’ म्हणणारे आता स्वतःचे फोन घेऊन माझ्याच टेबलापुढे रांगेत उभे राहतात, त्यामुळे मला थोडा गर्वही आहे, तो मी लपवत नाही. पण त्या शनिवारी संध्याकाळी घाईघाईत मी एका फोनला चार दिवस पुढची तारीख लावली. माझ्या हातून झालं ते एवढंच.

फोन होता पाणखोलच्या रवळनाथाच्या देवळातला. पाणखोल माझं माहेर. आमच्या घराकडे देवाची पूजा. आम्ही गुरव. आबांनी पंचेचाळीस वर्षं केली, कमरेचं हाड मोडून ते अंथरुणाला खिळले तेव्हापासून माझा मोठा भाऊ लवूदादा करतो. आठ महिन्यांपूर्वी मुंबईच्या मंडळाने थेट दर्शनासाठी हा फोन दिला आणि सभामंडपात खांबाला बसवला, तोंड गाभाऱ्याकडे. डोंबिवलीत, भांडुपात, अगदी मस्कतमध्ये बसलेला पाणखोलकर सकाळी सातला चहाच्या कपासोबत आरती बघतो. देव घरपोच झाला म्हणून सगळे खूश होते. एकच अडचण होती, ती म्हणजे रेंज. डोंगरावर एकच टॉवर, आणि त्याचा मूड आमच्या रेखावयनीपेक्षा, म्हणजे लवूदादाच्या बायकोपेक्षा, लहरी.

म्हणून तर शिदोरी कामाला आली. दोन वर्षांपूर्वी सगळ्याच फोनांत ही सोय आली, आणि कंपनीने तिला नावही चांगलं दिलं. पूर्वी नेट गेलं की समोरच्याचा चेहरा तोंड वासून गोठायचा. आता तसं होत नाही. कॅमेरा समोरचं बघत असतो आणि त्यावरून पुढे काय होईल याची चित्रं आधीच तयार करून बघणाऱ्याच्या फोनवर पाठवून ठेवतो, वाटेत भूक लागली तर असू द्यावं म्हणून भाकरी बांधून देतात तशी. नेट असेपर्यंत खरं चित्र दिसतं आणि शिदोरी न उघडता फेकली जाते. नेट गेलं की बघणाऱ्याचा फोन पाठवणाऱ्या फोनच्या तारीख-वेळेप्रमाणे त्या क्षणाची शिदोरी काढतो. बघणाऱ्याला फरक कळत नाही.

शिदोरी किती पुढची असेल हे समोरच्या जागेवर असतं. बाजारात माणसं, रिक्षा, कुत्री, कोण कुठे वळेल सांगता येत नाही, तिथे ती दोन सेकंदांच्या पुढे जात नाही. माझ्या दुकानात अर्धा मिनिट. पण जिथे काही हलत नाही, जिथे तोच माणूस रोज त्याच वेळी तेच करतो, तिथे यंत्राला पुढचं पुढचं दिसू लागतं. मिनिटांचे तास होतात, तासांचे दिवस. गाभारा ही जगातली अशीच जागा. मी नंतर उघडून बघितलं तेव्हा रवळनाथाच्या फोनमध्ये अकरा दिवसांची शिदोरी बांधलेली होती.

हे सगळं मला शनिवारी माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की बॅटरी फुगली आहे, एसटी सुटायची वेळ झाली आहे आणि डोंगरावरचा टॉवर मेलेला आहे. तारीख लावली, खांबाला फोन परत अडकवला आणि निघाले. घटकाभराने रेंज आली, पण एकदा हाताने लावलेली तारीख तो फोन सहसा बदलत नाही. रविवारी सकाळी टॉवर पुन्हा गेला, तेव्हा मुंबईकरांनी बघितला तो गुरुवार.

साडेसातला रेखावयनीला डोंबिवलीहून बाबल परबाचा फोन आला. नेट नसल्यामुळे तो घरच्या जुन्या फोनवर आला, तारेच्या.

“वयनी, घरात काय वायट झाला काय? आमका कोणी कळवूक नाय तां?”

“कित्याक? काय झाला?”

“आज हणमंत कसो पूजेक?”

वयनी म्हणाली, “ह्ये आताच पूजा करून इले. हय भायर बसान चाय पितत.”

“मगे आमका ह्यो दिसता तो कोण? हणमंतच. डाव्या खांद्यार टॉवेल टाकता तोच.”

आता हणमंत कोण ते सांगायला हवं. गुरवाच्या घरात मरण झालं की सुतक आणि जन्म झाला की सोयर. दोन्हीत दहा दिवस आमच्या अख्ख्या भावकीला देवाला हात लावता येत नाही. तेव्हा शेजारच्या मोगरणे गावचा हणमंत गुरव येतो, कारण त्याचं आमचं नातं लागत नाही. फेब्रुवारीत आमची चुलत आजी गेली तेव्हा तो दहा दिवस येऊन गेला होता. म्हणजे हणमंत गाभाऱ्यात दिसला की गाव काय समजतं, ते वेगळं सांगायला नको.

मला बोलावणं आलं. मी दुपारी पोचले, फोन दुरुस्तीच्या मार्गाने उघडला आणि शिदोरी लॅपटॉपवर लावली. सोमवार, लवूदादा. मंगळवार, लवूदादा. बुधवार, लवूदादा. गुरुवारी सकाळी सातला दारातून वाकून आत आला तो हणमंत. पुढचे सगळे दिवस हणमंत.

मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. पण बाबल परबाच्या तोंडी पडलेली गोष्ट आधीच मस्कतपर्यंत गेली होती, आणि घरातले सगळे माझ्या खांद्यावरून बघत होते. दादाने एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माजघराच्या दाराकडे. दाराआड आबा झोपले होते. सत्त्याऐंशी वर्षांचे.

“बेस्तवार,” दादा म्हणाला. गुरुवार. त्याने हात जोडले.

रेखावयनी मात्र झटकन म्हणाली, “सोयर पण आसात!” तिची सून पुण्यात आठव्या महिन्यात होती. तिने लगेच पुण्याला फोन लावला आणि मग दर तासाला लावत राहिली. शेवटी सुनेने वैतागून सांगितलं, ‘आई, मी बरी आहे, मला झोपू द्या.’

सोमवारी सकाळी मी देवळात जाऊन बसले. खरं सांगते, मला अजून वाटत होतं की यंत्राचा काहीतरी गोंधळ आहे. मांडीवर लॅपटॉप ठेवला, त्यावर त्या दिवसाची शिदोरी लावली, आणि समोर दादा. सात वाजले. दोन्हीकडे दादा वाकून आत आला. दोन्हीकडे त्याने आधी उजवा कान खाजवला. दोन्हीकडे समई पेटवताना पहिली काडी विझली. ताटातून एक तगरीचं फूल घरंगळलं, ते त्याने उचललं, फुंकलं, आणि वाहावं की नको असा विचार करून बाजूला ठेवलं. लॅपटॉपवरचं फूल आधी पडलं आणि समोरचं श्वासभर उशिरा. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. तो माझा भाऊ होता, रक्तामांसाचा, आणि तरी मला वाटलं की हाच मागे राहिलेला आहे आणि खरा तो स्क्रीनमधला.

घरी आले तर अंगण भरलेलं. गाव आबांना भेटायला येत होतं. कोणी शहाळं आणत होतं, कोणी नुसतं पायाला हात लावून डोळे पुसत होतं. गुरुवारपर्यंतचा माणूस म्हटल्यावर लोकांना प्रेमाचं भरतं येतं. दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘आमच्या म्हातारीच्या खोलीत असा एक बसवून देशील काय? ती तरी कुठे हलते?’ मी त्यांना काय उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

आबांना कोणी काही सांगितलं नव्हतं. पण त्यांचं हाड मोडलं होतं, डोकं नव्हतं मोडलं. दुपारी गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला हाक मारली.

“काय गो नूतन, सगळो गाव माका बघूक कित्याक येता? मी काय नवरदेव झालंय?”

मला खोटं बोलता आलं नाही. मी शिदोरी म्हणजे काय ते सांगितलं, हणमंताचं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. घाबरले असतील असं वाटलं, पण ते छताकडे बघत काहीतरी जुळवत होते.

“त्या मशिनान माका कधी बघलेला आसा?”

“नाय, आबा. ता इला तेच्या आधीपासून तुम्ही अंथरुणार.”

“आणि पुण्याच्या सुनेक?”

“नाय.”

“मगे तेका आमचा काय म्हायत?” आबा म्हणाले. “तेना बघल्यान कोणाक?”

एकवीस वर्षं फोन उघडणारी मी, आणि हे मला एका अंथरुणावरच्या म्हाताऱ्याने शिकवावं! यंत्राला सुतक कळत नाही. सोयर कळत नाही. आमच्या घरात कोण आजारी, कोण गरोदर, त्याला काही ठाऊक नाही. आठ महिने त्याने बघितलं होतं ते जवळजवळ एकाच माणसाला. गाभाऱ्यात येणारी माणसं त्याच्या लेखी दोनच, एक लवूदादा आणि दुसरा हणमंत. हणमंत दिसला म्हणजे एवढंच, की गुरुवारपासून तिथे लवूदादा नाही. आम्ही सगळे गुरव असल्यामुळे आम्ही ते सुतक म्हणून वाचलं.

“दादाक,” मी म्हटलं.

आबांनी डोळे मिटले. “जा. बघ,” एवढंच म्हणाले.

मी आठ महिन्यांची जुनी रेकॉर्डिंग काढून बसले. पहिल्या महिन्यात आरती सव्वाचार मिनिटांत होत होती. आता सव्वापाच. घंटा वाजवणारा हात आधी कानापर्यंत जायचा, आता खांद्याशीच थांबतो. पंधरा दिवसांपासून पूजा आटोपून उठताना तो डावा हात उंबऱ्याच्या चौकटीवर टेकतो आणि तसाच उभा राहतो. तीन श्वास, चार श्वास, काल नऊ. एका सकाळी त्याने छातीवर तळवा ठेवला आहे. आम्ही कोणी बघत नव्हतो. मुंबईचे चारशे लोक रोज बघत होते, पण ते देवाकडे बघत होते.

मंगळवारी सकाळी पूजेहून येताना मी त्याला विहिरीपाशी गाठलं. तो दोन दिवस आबांच्या उशाशी बसून होता, धड जेवला नव्हता, डोळे आत गेले होते.

“दादा, छातीत दुखता तुका?”

“पित्त ता.”

“आठ म्हयने पित्त? माझ्यावांगडा आत्ताच्या आत्ता डॉक्टराकडे चल.”

मी सगळं सांगितलं, रेकॉर्डिंग दाखवलं. त्याने स्वतःला चौकट धरून उभं राहिलेलं बघितलं, आणि मला वाटतं त्याला पटलं. पण तो म्हणाला, “आबांक अशे टाकून मी खय जाव? बेस्तवार परवावर इलो. तोंडात पाणी घालूक झिल म्हणान मी नको? आबांचा झाला की जावया.”

आबांचं झालं की. म्हणजे एका न मरणाऱ्या माणसाच्या मरणाची वाट बघत हा मरणार. मी रागाने ओरडले, “चित्रात तू नाय एवढाच दिसता, दादा! तू खय आसंस ता दिसना नाय. हॉस्पिटलात आसलंस तरी चित्र तसाच येतला. येंव दी ना तसा!”

“बापाशीक सोडून नाय,” तो म्हणाला. त्यानंतर तो ऐकेना. गुरवाचा हट्ट, दगडी देवाशी रोजचा संबंध.

विहीर माजघराच्या खिडकीखालीच आहे हे माझ्या लक्षात नव्हतं. आम्ही घरात येतो तोच आबांचा आवाज आला, चिरकलेला.

“लवू... छातीत कळ येता रे. माका डॉक्टराकडे न्हे.”

दादा धावला. आबा छाती धरून तळमळत होते. पाच मिनिटांत सतूची गाडी दारात आली. सतू आमचा चुलत भाऊ. चार जणांनी खाटेसकट उचलून आबांना मागच्या सीटवर ठेवलं, दादाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पुढच्या सीटवरून मी मागे वळून बघितलं तेव्हा आबांनी माझ्याकडे एक डोळा असा काही मिचकावला की माझा जीव भांड्यात पडला आणि पुढच्याच खड्ड्यात परत वर आला. कारण बत्तीस किलोमीटरचा रस्ता होता, आणि मोडक्या कमरेच्या माणसाला त्यातला एकही खड्डा खोटा नव्हता. ते ओरडले नाहीत. मला वाटतं, खरं दुखायला लागल्यावरच ते गप्प झाले.

हॉस्पिटलात डॉक्टर केरकरबाईंनी ईसीजीचं यंत्र आणायला सांगितलं, तर आबांनी हात आवळून घेतले.

“माका तारांची भीती वाटता. पयल्या तेका लावा. मगे मी लावन घेतंय.”

“आबा, काय पोरासारखा...” दादा म्हणाला.

“पयल्या तुका.”

डॉक्टरबाई हसल्या. म्हाताऱ्या माणसांचे हट्ट त्यांच्या अंगवळणी पडले असणार. दादाने शर्टाची बटणं काढली आणि शेजारच्या खाटेवर झोपला. कागद बाहेर येऊ लागला. बाईंचं हसू हळूहळू गेलं. दादा उठायला लागला तेव्हा त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“उठू नका. आता अजिबात उठायचं नाही.”

पुढच्या तपासणीत कळलं, मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. बाई मला बाहेर म्हणाल्या की आज-उद्याचाच प्रश्न होता. स्ट्रेचरवरून आत नेताना दादाने माझा हात धरला. “उद्याची पूजा सतूक सांग. आणि आबांक सांभाळ. बेस्तवार...” मी म्हटलं, “तू गप ऱ्हव.”

बुधवारी सकाळी सातला मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये थेट दर्शन लावलं. शिदोरीत बुधवारी लवूदादा होता, हे मी चार वेळा बघितलं होतं. दारातून वाकून आत आला तो सतू. धोतर कसंतरी गुंडाळलेलं, मंत्र अर्धे गिळलेले, समई डावीकडची उचलून उजवीकडे ठेवलेली. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. मी मोठ्यांदा हसले. शेजारच्या बाकावरची बाई दचकली. यंत्राला सतू माहीतच नव्हता! चित्र मोडलं होतं, आणि ते आम्ही मोडलं होतं. दहा वाजता दादाची रक्तवाहिनी उघडली. डॉक्टरबाई बाहेर येऊन ‘वाचले’ म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी राहिले.

आबा जनरल वॉर्डात होते. मी धावत जाऊन त्यांना सांगितलं.

“झाला मा?” ते म्हणाले. “आता चाय दी.”

मी चहा आणला. त्यांनी बशीत ओतून घेतला, फुंकून प्यायला, साखर कमी आहे म्हणून कुरकुरले. मग कूस बदलायला मला हात द्यायला लावला आणि झोपले. दोन वाजता मी उठवायला गेले, तर ते उठले नाहीत. वय होतं, प्रवास झेपला नाही, असं डॉक्टर म्हणाले. सगळ्यांनी मान हलवली. मी मात्र त्या रस्त्यावरचा एकेक खड्डा आठवत तिथे बसून होते, कितीतरी वेळ.

दादाला चार दिवस तरी काही कळू द्यायचं नाही, धक्का सोसणार नाही, असं बाईंनी बजावलं. संध्याकाळी पाणखोलला सतूने मडकं उचललं तेव्हा मी ते त्याच्या हातून काढून घेतलं. दोन-चार जण कुजबुजले. रेखावयनी म्हणाली, “तीच देतली.” आग मी दिली.

आणि मग ध्यानात आलं की आता सतूही सुतकात. गावकऱ्यांनी रात्रीच मोगरण्याला निरोप धाडला.

गुरुवारी सकाळी सातला मी माहेरच्या ओटीवर मोबाइल आणि लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवले. एकात खरं, एकात शिदोरी. दोन्हीकडे हणमंत वाकून आत आला. दोन्हीकडे त्याने टॉवेल डाव्या खांद्यावर टाकला. दोन्हीकडे दोनदा खोकला. माझ्या अंगावर काटा आला तो अजून गेलेला नाही. यंत्राने आबांना कधी बघितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्याने फक्त माझ्या भावाला थकताना बघितलं आणि म्हटलं की गुरुवारी हा नसेल. पण त्याने मला बघितलं होतं. दर महिन्याला खांबावरून त्याला उतरवणारी, उघडणारी, पुसणारी मीच. तारखेत चुकणारी मी, आणि बघितल्याशिवाय राहवणार नाही अशी मी. मी ते चित्र उघडलं नसतं तर आबा त्या गाडीत चढले नसते, आणि दादा आज जिवंत नसता. मी उघडीन हेही त्याने धरलं होतं का? विचारायला कोणी नाही. मी लॅपटॉप मिटला, डोक्यावरून पाणी घेतलं आणि पहिली गाडी धरून हॉस्पिटलात गेले.

दादा उशीला टेकून बसला होता. चेहऱ्यावर रंग आला होता, कित्येक महिन्यांनी.

“आबा कशे आसत?”

“चाय मागतत,” मी म्हटलं. “साखर कमी म्हणान वरडतत.”

तो हसला. “बेस्तवार इलो नि काय झाला नाय, बघ. तुझा मशीन चुकला.” मग म्हणाला, “देव दाखय माका. दोन दिवस दर्शन नाय.”

मी टाळायला हवं होतं. पण नर्सच म्हणाली, देवाचंच बघतायत, दोन मिनिटं बघू द्या. मंडळवाले सकाळची आरती दिवसभर परत परत दाखवतात. मी काही करायच्या आत तिने बाकावरचा माझा फोन त्याच्या हातात दिला; थेट दर्शन त्यात सकाळपासून उघडंच होतं. हणमंत धूप फिरवत होता.

दादाचा अंगठा स्क्रीनवर थांबला.

“नेट गेलाहा, दादा,” मी घाईने म्हटलं. “ती शिदोरी. तीच जुनी. सतू करता पूजा, हय दिसता तो हणमंत खोटो.”

त्याने मान हलवली. शेवटपर्यंत बघितलं, घंटा थांबेपर्यंत. आरती संपली तेव्हा त्याने सवयीने हात जोडले आणि फोन माझ्याकडे दिला. मला वाटलं, सुटले.

“समई उजवीकडे आसा,” तो म्हणाला.

मी फोन पिशवीत टाकला.

“हणमंत तशी ठेवचो नाय. मी पण नाय. काल सतून चुकान ठेयल्यान, आणि हणमंतान परक्या देवळात हात लावूक नाय.” तो सावकाश बोलत होता, मला समजावून सांगितल्यासारखा. “मशिनाक सतू म्हायतच नाय, नूतन. तेका ती समई कशी दिसात?”

आठ महिने रोज बघणाऱ्या यंत्राला जे दिसलं नसतं, दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बसलेल्या मला जे दिसलं नव्हतं, ते त्याला एका नजरेत दिसलं. त्याने माझ्याकडे बघितलं. माझे केस अजून ओले होते.

“आग कोणी दिल्यान?”

“मी.”

त्याने डोळे मिटून घेतले. यंत्रावरची हिरवी रेघ जरा वेडीवाकडी झाली आणि नर्स पुढे आली, पण त्याने हात वर करून तिला थांबवलं.

“मगे माका आंघोळ व्हयी,” तो म्हणाला. “पाणी आण गो.”

नर्सने सांगितलं, आंघोळ आठ दिवस नाही, जखम भिजेल. हवं तर ओल्या टॉवेलने पुसा. मी बेसिनमधून स्टीलच्या भांड्यात पाणी घेतलं, टॉवेल बुडवला, आणि डोक्यापासून त्याला पुसायला लागले. केस, कान, मान, खांदे. छातीवरच्या चिकटपट्ट्या चुकवत, तारा उचलून धरत. तो लहान मुलासारखा बसून राहिला. शेवटी तोंड पुसायला लागले. पुसलं की परत ओलं होत होतं, आणि मी टॉवेल पिळून परत परत पुसत होते.